हवेवाली कादंबरी आणि एकेचाळीस चिठ्ठ्या

आमच्या वाडीत पुस्तकाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. बर्वेसरांच्या लायब्ररीतल्या प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर शाईनं घातलेला नंबर, आणि आतलं पहिलं पान बहुधा गळालेलं, त्यामुळे लेखक कोण याचाही कुणाला पत्ता नसे. बायका मला जिन्यातच गाठून म्हणायच्या, "सुमन, ती सवतीची झाली गं वाचून, आता दुसरी दे." सवतीची, खुनाची, विहिरीतल्या भुताची, अशी पुस्तकांची ओळख. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सकाळी मुलुंडला कॉलेजात जायचे आणि संध्याकाळी खांद्याला पिशवी अडकवून भांडुपच्या डोंगराकडेच्या आमच्या तीन चाळींत घरोघर पुस्तकं पोचवायचे. पोचवणं म्हणजे नुसती हमाली. माझं खरं काम होतं सुचवणं, आणि त्यात मी, आता सांगायला हरकत नाही, पक्की लबाड होते.

मला वेड होतं विज्ञान कादंबऱ्यांचं, आणि त्यातही एकाच जातीच्या. बर्वेसरांनी बंद पडलेल्या कुठल्याशा वाचनालयाची दोन पोती पुस्तकं आणली होती, त्यात या सापडल्या. यानाचं इंजिन कसं चालतं यात मला काडीचा रस नव्हता. त्या यानात सेक्रेटरी कोण, त्याला कुणी निवडून दिलं आणि त्याला हटवायचं कसं, ते वाचायला मी जेवण विसरायचे. एकात मुंग्यांची लोकसभा होती आणि प्रत्येक मुंगीला राणीची खासगी सचिव व्हायचं होतं. एकात औषध घेऊन मंत्री तीनशे वर्षं जगत होते, त्यामुळे युवक आघाडीचा अध्यक्षच एकशे ऐंशी वर्षांचा होता. एकात असं यंत्र होतं की ते प्रत्येक नागरिकाच्या मनातलं मत आधीच ओळखायचं, म्हणून मतदानच बंद झालं होतं. शेवटी ते यंत्र पुसणारी मुलगी त्यात बादलीभर पाणी ओतते. ही मी चार वेळा वाचली. असली पुस्तकं सवतीची वाचणाऱ्यांच्या गळ्यात कशी मारायची? प्रत्येकीला वेगळं सांगून. लग्नाळू पोरींना सांगायचे, यात शेवटी जमतं. आजारी माणसांना सांगायचे, यात औषध आहे. माझ्या बाबांना मुंग्यांची देताना म्हटलं, "बाबा, यात संप आहे." नव्हता. बाबा दोनशे पानं संपाची वाट बघत वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, "संप नाही झाला, पण व्हायला पाहिजे होता."

बाबा गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कंपनीच्या गोदामात लागले. पण बोलायचे मात्र मागावरच्यासारखेच, मोठ्यानं, कारण वीस वर्षं त्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय झालेली. आई मालवणची. तिचा दिवस सुकट भाजण्याच्या वासानं सुरू व्हायचा आणि त्या वासावर मधल्या चाळीतल्या शाकाहारी वहिनींच्या शिंकेचं उत्तर यायचं. वरच्या चाळीत आम्ही, म्हणजे डोंगराला टेकलेले. वारा भरपूर, उजेड भरपूर, आंब्याच्या झाडावरचे कावळे भरपूर, फक्त पाणी नाही. टाकी पायथ्याशी. पाणी आधी खालच्या चाळीला, मग मधल्या, आणि उरलं तर आम्हाला. पहाटे आमच्या नळातून आधी खोकल्यासारखा आवाज यायचा, मग फुसकारा, मग करंगळीएवढी धार. त्या धारेखाली हंडा भरेपर्यंत आईचं घावण्याचं पीठ भिजवून, वाटण वाटून आणि अर्ध्या वाडीला शिव्या देऊन व्हायचं. आजही माझ्या घरी चोवीस तास पाणी आहे, तरी नळ सोडला की मी क्षणभर तो खोकला ऐकायला थांबते.

टाकीची चावी नाईककाकांकडे. चावी म्हणजे कमरेएवढा लोखंडी दांडा आणि वर धरायला आडवी मूठ. तो दांडा जमिनीतल्या भोकात घालून फिरवला की त्या त्या चाळीचं पाणी सुटायचं. नाईककाका अकरा वर्षं वाडीचे सेक्रेटरी होते. दरवर्षी गणपतीनंतर सभा व्हायची, कुणीतरी म्हणायचं, "आहेत तेच राहू देत," सगळे हात वर करायचे आणि चहा यायचा. काका उंच, मिशीवाले, बोलायला कडक. दर रविवारी ते त्या चावीला खोबरेल लावून अंगणात उन्हात उभी करायचे, आणि नाईककाकू आतून ओरडायच्या, "माझ्या केसांना पुरत नाही आणि सवतीला चोपडा!" काकूंचं त्या चावीशी उभं वैर. "ह्या वेळी मत घ्या तुम्ही, मी पहिली विरोधात देईन," हे त्या नवऱ्याला नळावर, सगळ्यांसमोर, रोज सांगायच्या. पण मत कुणी घेतच नव्हतं.

आता लायब्ररीतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तपकिरी कव्हरांमुळे आपण हे पुस्तक वाचलंय की नाही तेच लोकांना कळायचं नाही. त्यावर प्रत्येकानं आपापला उपाय शोधला होता. वाचून झालं की ठरावीक पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं आपली एक बारीक खूण. पुढच्या वेळी पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं. खूण असली की परत. माझ्या आईची खूण मासळी, पान सतरा. बाबांची धोटा, मागावरचा तो दोन्हीकडे टोकदार लाकडी तुकडा. नाईककाकूंची चार टिंबं, रांगोळीला मांडतात तशी. बर्वेसर चिडायचे, खोडरबर घेऊन बसायचे, पण लायब्ररीच्या टेबलाला सुतळीनं बांधलेली पेन्सिल मात्र त्यांनीच ठेवलेली. प्रत्येकाला वाटायचं, आपली खूण फक्त आपल्याला माहीत आहे. पुस्तकं पोचवणारीला सगळ्या माहीत असणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला ती वाडी पाठ होती. एकच खूण मला लागत नव्हती. माझ्या सगळ्या आवडत्या, राजकारणाच्या कादंबऱ्यांत पान चाळीसवर एक उभी रेघ आणि डोक्यावर आडवी रेघ. रजिस्टरातल्या कुणाचीच नव्हती. आपल्या आवडीचं कुणीतरी एक माणूस या वाडीत लपून आहे, या विचारानं मी हुरळून जायचे. तो तरुण असावा आणि दिसायला बरा असावा, असंही मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि मग त्या पोत्याच्या तळातून हवेवाली निघाली. मंगळावर माणसांची वसाहत. बाहेर हवा नाही, म्हणून नळातून घरोघर हवा सोडतात, सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. सोडणारा एक अधिकारी, त्याच्याकडे चावी. आधी खालच्या मजल्यांना, मग मधल्या, आणि वरच्यांनी श्वास जपून घ्यायचा. मी वाचून संपवली आणि लगेच सुरुवातीपासून पुन्हा उघडली. सुचवण्यासाठी थापच मारावी लागली नाही. आईला फक्त म्हटलं, "वाच." आई चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचायची. तिसऱ्या दिवशी चुलीवरचं कालवण तसंच ठेवून ती दारात आली.

"अगो सुमा, हवा काय नळान येता?"

"मंगळावर येते, आई."

"मंगळ खंयचो? ह्यो तर आपलो नाईक! नुसती मिशी नाय."

तिथून ते पुस्तक माझ्या पिशवीत राहिलंच नाही. वरच्या चाळीतून मधल्या चाळीत गेलं, मधलीतून खालच्या चाळीत. पाटावर, गॅलरीत, रांगेत वाचलं गेलं. कुणी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्या तांदूळ निवडत ऐकायच्या. पुस्तक परत आलं तेव्हा सत्तावीस खुणा होत्या, आणि पान चाळीसवर ती उभी-आडवी रेघसुद्धा. पुस्तकात शेवटी लोक चिठ्ठ्या टाकून मतदान करतात, अधिकाऱ्याला काढतात आणि मोकळा श्वास घेतात. गणपतीनंतरच्या सभेत "आहेत तेच राहू देत" असं कुणीतरी म्हणालं, आणि वरच्या चाळीतल्या सुर्वेवहिनी उठून उभ्या राहिल्या. टेलिफोन ऑफिसात काम करायच्या, आवाजाला लाऊडस्पीकर लागायचा नाही. "चिठ्ठ्या टाका," त्या म्हणाल्या. "मंगळावर टाकतात, भांडुपात काय धाड भरली?"

नाईककाका कडक होते, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. पुढचा रविवार ठरला. घरटी दोन मतं, नवरा-बायकोचं एकेक. उमेदवार दोन, काका आणि सुर्वेवहिनी. निवडणूक अधिकारी म्हणून, स्वतःचं मत सोडून, बर्वेसर, कारण ते एकटेच दोघांवरही सारखेच चिडायचे. आणि मोजायला मी, कारण मला मत नव्हतं. तो आठवडा वाडीनं जो मजेत घालवला तो विचारू नका. प्रत्येक माणूस सकाळी काकांना भेटून "तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणायचा आणि संध्याकाळी वहिनींना भेटून तेच म्हणायचा. बाबा तर वहिनींचे पुढारीच झाले होते. आमच्या दारात उभे राहून ते असं भाषण करायचे की टाकीसुद्धा ऐकत असावी. मी मनातून वहिनींची, म्हणजे पाण्याची. पण सभेत काका एकटेच बाकावर बसलेले बघून मला वाईटही वाटत होतं. काडी मीच लावली होती ना.

रविवारी सकाळी बर्वेसरांच्या पुढच्या खोलीत, लायब्ररीच्या त्याच टेबलावर मतदान झालं. सरांनी कार्बन लावून चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, दोन नावं आणि पुढे मोकळी जागा. "आपल्या माणसाच्या नावापुढे फुली. फक्त फुली," ते प्रत्येकाला सांगत होते. पण टेबल तेच, सुतळीची पेन्सिल तीच, समोर बसलेले सर तेच. लोकांनी मान डोलावली, हाताचा आडोसा करून पेन्सिल धरली, आणि अंगात मुरलेली वर्षानुवर्षांची सवय आपलं काम करून मोकळी झाली. डबा उघडून सरांनी पहिली चिठ्ठी उलगडली आणि चष्मा काढून पुसला. फुली नव्हती, त्रिशूळ होता. दुसरीवर शंख. तिसरीवर मासळी.

"हे काय? ही कसली मतं?" नाईककाकांचा मेव्हणा बाळू पुढे झाला. तो काकांसाठी जिवाचं रान करत होता, आणि पुस्तकाचं वावडं असल्यामुळे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं चिठ्ठी सगळ्यांसमोर उंच धरली. "ही मासळी कोणाची? बाद करा सर!"

"माझी मासळी कित्याक सगळ्यांका दाखवतंस रे मेल्या?" आई ओरडली, आणि ओरडून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं. मासळी ज्यांना दिसली त्यांना आपला शंख, आपला त्रिशूळ आठवला. आणि मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वही घेऊन बसलेल्या, पुस्तकं पोचवणाऱ्या माझ्याकडे. माझे कान तापले. सरांनी उरलेल्या चिठ्ठ्या भराभर उलगडून बघितल्या आणि हळूच म्हणाले, "एकेचाळिसातल्या चौतीस चिठ्ठ्यांवर फुली नाही. नियमानं बाद होतात." वहिनी काही बोलणार तेवढ्यात बाकावरून नाईककाका उठले.

"मोजा," ते म्हणाले. "खूण म्हणजे माणूसच. माणसं बाद करून कोणाचा सेक्रेटरी व्हायचंय?"

मोजलं. सर नाव वाचत होते आणि मी रेघा ओढत होते, पण चिठ्ठी माझ्या हातात येत होती आणि डोळे काही मिटता येत नव्हते. चार टिंबं नाईककाकांच्या नावापुढे होती. मी दोनदा बघितलं. नळावर रोज नवऱ्याला पाडण्याची शपथ घेणाऱ्या काकू! आणि धोटासुद्धा काकांपुढेच. माझे बाबा, वहिनींचे पुढारी, तेव्हा छताकडे बघत होते. ती उभी-आडवी रेघ वहिनींच्या बाजूला होती. वहिनींना एकवीस, काकांना वीस.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. काकांनी भिंतीला टेकवलेली चावी उचलली, मुकाट्यानं आणली आणि टेबलावर चिठ्ठ्यांच्या शेजारी आडवी ठेवली. उभा दांडा, वर आडवी मूठ. मी चावीकडे बघितलं, वहिनींच्या गठ्ठ्यातल्या वरच्याच चिठ्ठीकडे बघितलं, आणि माझा तो देखणा तरुण वाचक तिथल्या तिथे पन्नाशीचा, मिशीवाला, दोन पोरींचा बाप झाला. काकूंच्या नावावर घरी येणारी पुस्तकं तेही वाचत होते. आणि स्वतःचं मत त्यांनी स्वतःच्या विरोधात टाकलं होतं.

"एका मतानं!" बाळू टेबलावर हात आपटून म्हणाला. "कोणीतरी आपल्यातलाच फुटलाय. सुमनला सगळं माहितीये. सुमन, तू बोल. एकेक चिठ्ठी उचल आणि नाव सांग, चल!"

कुणी त्याला गप्प बस म्हणालं नाही. खरं तर सगळ्यांना आपली सोडून बाकीच्यांची ऐकायची होती. काका माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचा कान लाल झाला होता. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी नंतर कधी स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नाही. चार वेळा वाचलेल्या कादंबरीतलं, सगळ्यांची मतं ओळखणारं ते यंत्र मीच होते. एक नाव सांगितलं असतं तर सगळी सांगावी लागली असती, आणि तो माणूस या वाडीत हसं होऊन राहिला असता. मी दोन्ही गठ्ठे उचलले आणि मागच्या दारानं पळाले. मोरीशेजारी बर्वेकाकूंचा बंब पेटलेला होता. वरच्या तोंडातून एकेचाळीस चिठ्ठ्या आत टाकल्या आणि झाकण लावलं. मागून सर आले. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी बंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "निकाल वहीत आहे ना? मग झालं. पाणी तापलंय, आंघोळ करून घेतो."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी चूल जवळजवळ पेटलीच नाही. वाडीतून डबे येत होते. कोळंबीचं कालवण, वड्यांसह कोंबडी, मधल्या चाळीतल्या शाकाहारी वहिनींकडून पुरणपोळ्या, तेही दोनदा. दोघांनाही वचन दिलेल्या प्रत्येक घरानं मला खायला घातलं. देताना सगळे एकच बोलायचे, "सुमनला आवडतं म्हणून." आई डबे उघडत म्हणायची, "काय पापां केली असतीत गो ह्यांनी, एवढ्या तुपान झाकतत ती?" मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणायची, "माका सांग. तुझ्या बापाशीन कोणाक दिल्यान मत?" बाबांनी त्या पंधरा दिवसांत मला रोज स्वतःच्या हातानं चहा करून दिला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि भयंकर. एकदाच कपबशी ठेवताना हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "तुझ्या जन्माआधी मुकादमानं गिरणीतून काढलं होतं तेव्हा नाईकानं वर्षभर मला डबा दिला होता. तुला माहीत नाही ते." मी चहा संपवला.

नाईककाकू नळावर भेटल्या, इकडेतिकडे बघून माझा हात दाबला. "ह्यांना कळू देऊ नकोस हां मी मत कुणाला दिलं ते. अकरा वर्षं भांडलेली बाई मी, तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी शब्द दिला.

आणि त्याच आठवड्यात काका लायब्ररीत आले. पुस्तकासाठी, आयुष्यात पहिल्यांदाच. सर आत होते. काकांनी वर्गणीचा फॉर्म भरला, सही केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ओळखलंस ना?"

"नाही काका."

"खोटं बोलतेस. बरं करतेस." ते बाकावर बसले. "अकरा वर्षं पहाटे चारचा गजर, सुमन. टाकीत पाणी तेवढंच, तोंडं वाढली. वरच्यांना सोडलं की खालचे शिव्या देणार, खालच्यांना सोडलं की वरचे. ती हवेवाली वाचली आणि वाटलं, हा अधिकारी वाईट नाही गं, नुसता दमलाय. कोणी विचारतच नाही त्याला." मग मिशीतल्या मिशीत हसले. "शिवाय घरचं मत विरोधात जाणारच होतं. म्हटलं, लग्नात सगळं जोडीनं केलं, हेही जोडीनं करू."

माझ्या जिभेवर आलं होतं. चार टिंबं माझ्या डोळ्यांसमोर होती. सांगितलं असतं तर त्या माणसाला किती बरं वाटलं असतं, आणि किती वाईट. पण काकूंना शब्द दिला होता. मी उठले आणि फळीवरून एक जाड पुस्तक काढलं.

"ही वाचा. राजकारणाचीच आहे. ग्रहाचा राष्ट्रपती राजीनामा देतो."

"मग?"

"मग तीनशे पानं तो झोपतो. बाकीचे भांडतात."

"झकास," काका म्हणाले आणि पुस्तक काखेत घेऊन निघाले.

सुर्वेवहिनींनी पहिल्याच दिवशी पाणी आधी वरच्या चाळीला सोडलं. आमच्या नळाचा खोकला थांबला, आई धारेकडे बघत नुसती उभी राहिली. तीन महिन्यांत वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलं आणि त्या काकांच्या दारात जाऊन चावी परत घ्या म्हणून विनवायला लागल्या. काका झोपलेत, असं काकू आतून सांगायच्या. शेवटी चावी घरटी एकेक आठवडा फिरायला लागली आणि वाडीत कुणी कुणाला शिव्या देईना, कारण पुढचा आठवडा आपला असायचा. असा शेवट माझ्या एकाही कादंबरीत नव्हता.

वाडीच्या जागी आता इमारत आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू बदलापूरला थोरल्या मुलीकडे असतात, नव्वदीला टेकल्यात, डोळे गेलेत, म्हणून मी अधूनमधून जाऊन वाचून दाखवते. गेल्या वेळी मी पुस्तक मिटल्यावर त्या म्हणाल्या, "सुमन, त्या वेळी ह्यांनी मत कुणाला दिलं होतं?"

मी म्हटलं, "काकू, चिठ्ठ्या बंबात गेल्या."

"तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? आधीचा महिनाभर त्यांनी चावीला तेल लावलं नव्हतं. बाटली होती तशी भरलेली. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस स्वतःला मत देत नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही का दिलंत त्यांना? त्यांना सुटायचं होतं, तुम्हालाही चावी नको होती."

काकूंनी चाचपडत माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पानावरून अंगठा फिरवला.

"अगं, घरातून एक तरी मत पडायला नको का माणसाला?"

मग पुस्तक माझ्याकडे देत म्हणाल्या, हे झालंय वाचून, पेन्सिल असेल तर चार टिंबं काढून ठेव.